पितांबरच्या नावाची फुंक

उखर्डू हे नाव कुणी हौसेनं ठेवत नाही. त्याच्या आईची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून हा जन्मला तेव्हा सुईणीनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि आईनं तिथून उचलून घरी आणलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण बघत नाही, ही खानदेशातली जुनी समजूत. समजूत खरी की खोटी ते देव जाणे, पण पोर जगलं, आणि असं खणखणीत जगलं की ते रडायला लागलं म्हणजे पलीकडच्या गल्लीतली माणसं दारं लावून घेत. "याले छाती नही, लोहारना भाता शे," असं त्याचा बाप कौतुकानं म्हणायचा.

त्या भात्यावरच त्याचं अर्धं आयुष्य चाललं. मिसरूड फुटायच्या आत तो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला लागला. वरात मांडवाजवळ आली की उखर्डू एका दमात सूर असा धरून ठेवायचा की घोड्यावरचा नवरदेवसुद्धा मान वळवून बघायचा. धुळ्यापासून चोपड्यापर्यंत त्याच्या नावानं सुपाऱ्या यायच्या. लोकांनी वाहवा केली की गडी सुखावून जायचा. हे वाहवेचं व्यसन दारूपेक्षा वाईट, कारण ते सुटलं असं माणसाला वाटतं आणि ते सुटलेलं नसतं. पुढे डीजे आला. माणसाच्या छातीपेक्षा भिंतीएवढे स्पीकर लोकांना आवडायला लागले आणि निम्मे बँडवाले घरी बसले. उखर्डू ओळखीपाळखीनं नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात कंत्राटी फायरमन म्हणून चिकटला.

गाव शिरपूरच्या वाटेवरचं, तालुक्याचं. नाव घेण्यात अर्थ नाही. घेतलं तर तिथले म्हणतील आमची बदनामी केली, आणि शेजारचे म्हणतील आमच्याकडे काय कमी घोटाळे आहेत, आमचं का नाही घेतलं. जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत दलाचं ठाणं होतं. एक बंब होता. तो आगीला जायचा, पुढाऱ्याची गाडी यायच्या आधी रस्ता धुवायला जायचा आणि नगरसेवकाच्या घरच्या लग्नात पाणी भरायलाही जायचा. त्यामुळे खरी आग लागली तेव्हा तो कुठे असेल याचा नेम नसायचा. पोहोचायला उशीर झाला की बघ्यांमधून कुणीतरी ओरडायचंच, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!" धुरात शिरताना पाठीवर घ्यायच्या हवेच्या टाक्या म्हणाल तर दोन होत्या. एक केव्हाच रिकामी झालेली आणि दुसरी ठाण्याच्या साहेबांच्या खोलीत, आल्यागेल्याला दाखवायला. फायरमन लोक ओला रुमाल तोंडाला बांधून धुरात शिरायचे.

तिथं त्याला पितांबर भेटला. वयानं बराच मोठा, म्हणून उखर्डू त्याला भाऊ म्हणायचा. धुरात उभं राहायचं नाही, जमिनीला गाल लावून सरकायचं, हे पितांबरनं शिकवलं. कापसाच्या गंजीला लागलेली आग वरून विझली तरी आतून धुमसत राहते, तिच्याकडे पाठ करायची नाही, हेही त्यानंच शिकवलं. एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आगीत पत्रा खाली आला तेव्हा उखर्डूची गचांडी धरून त्याला बाहेर ओढणाराही तोच. पितांबरची बायको भागाबाई डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दोघांना पुरेल अशी द्यायची. सख्खे भाऊ बांधाच्या वीतभर जमिनीवरून डोकी फोडतात त्या मुलखात हे दोघे एका डब्यात जेवत होते.

आता या ठाण्याची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. ठेकेदाराची माणसं सगळी. रजा मागितली की तो म्हणायचा कायमचीच घे. म्हणून कुणाच्या घरी लग्न असलं, मयत असलं, पोर आजारी असलं, की दुसरा त्याच्या जागी उभा राहायचा. हजेरीला त्याच्या नावावर 'हजर' म्हणायचं, त्याच्या नावाची पट्टी लावलेला शर्ट घालायचा, त्याचं काम करायचं. याला ते 'जागा धरणं' म्हणायचे. यात कुणाला खोटेपणा वाटत नव्हता. उलट जो दुसऱ्याची जागा धरत नाही त्याला ठाण्यात कुणी चहासुद्धा विचारत नसे.

अशा ठाण्यात एक दिवस संशोधन आलं.

डॉक्टर स्नेहल मॅडम एका मोठ्या महाविद्यालयाकडून आल्या होत्या. वय तिशीच्या आतबाहेर. त्यांचे वडील जिनिंगमध्ये हमाली करत, कापसाच्या धुळीनं खोकून खोकून गेले, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांना फायरमन लोकांची फुफ्फुसं तपासायची होती. धुरानं त्यांचं काय होतं हे कागदावर आलं म्हणजे सरकारला हवेच्या टाक्या द्याव्या लागतील, असा त्यांचा सरळ हिशेब. नगरपरिषदा आणि महाविद्यालय यांच्यात सामंजस्य करार झाला, शाल-श्रीफळ झालं, फलकासमोर फोटो झाले. बाई मनापासून बोलत होती. मनापासून बोलणाऱ्या माणसावर इकडे विश्वास ठेवायची सवय राहिलेली नाही, हा काही तिचा दोष नव्हे.

मॅडम गेल्यावर साहेब सिगारेट पेटवून म्हणाले, "मला काही नाही बुवा. पण उद्या ठेकेदारानं विचारलं की नापास माणसाला पगार कशाचा, तर मी काय सांगू?"

झालं. त्या एका वाक्यानं ठाण्याची झोप उडाली. पितांबरला जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. बुटाची नाडी बांधायला वाकला की खोकल्याची उबळ यायची. रुपचंद नावाचा आणखी एक जुना फायरमन होता, त्याचीही तीच कथा. जेवताना पितांबरनं भाकरी तशीच हातात धरून ठेवली आणि म्हणाला, "उखर्डू, मनी भूमिका आते बारावीले शे. मी घरी बसनू त तिनं काय?"

भूमिका त्याची एकुलती एक मुलगी. उखर्डूला विचार करायला एक घासही लागला नाही. "भाऊ, तुम्हनी जागा मी धरस. त्यामा काय इतलं?"

तपासणी धुळ्याच्या एका मंगल कार्यालयात होती. सगळ्या नगरपरिषदांचे फायरमन आले होते. दोन टेबलं, प्रत्येकावर एक मशीन आणि मॅडमच्या हाताखालची मुलं-मुली. ती कुणालाच ओळखत नव्हती. शर्टावरच्या पट्टीवरचं नाव वाचायचं, वय आणि उंची लिहायची, तोंडात नळी द्यायची आणि ओरडायचं, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!" ओळखपत्र कुणी मागितलं नाही. मॅडमला वाटलं, लोक स्वतःच्याच भल्यासाठी आलेत, त्यांच्यावर पहारा कशाला?

उखर्डू पितांबरचा शर्ट घालून बसला आणि फुंकला. टेबलावरची मुलगी चकित होऊन त्याच्याकडे बघायला लागली. ते मशीन वयाच्या मानानं दम जोखत होतं; म्हाताऱ्याच्या नावावर तरण्याची फुंक पडली की रेघ नुसती वर जायची. "काका, या वयात! टाळ्या वाजवा रे," मुलगी म्हणाली आणि पोरांनी खरंच टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी घात केला. किती वर्षांनी उखर्डूच्या दमाला कुणी टाळी दिली होती! मग रुपचंदचा शर्ट अंगात चढला. बाहेर मांडवाच्या मागे बातमी पसरली तशी दुसऱ्या गावांची खोकणारी माणसंही शर्ट काढून उभी राहिली. कधी या टेबलावर, कधी त्या टेबलावर, उखर्डू फुंकत गेला. पितांबरनं मध्येच त्याचा हात धरला, "बस आते, स्वतानं बी बाकी शे." पण गडी रंगात आला होता. त्याची स्वतःची पाळी सगळ्यात शेवटी आली, तेव्हा त्याला घेरी येत होती आणि छातीत कळा निघत होत्या. स्वतःच्या नावावर तो जेमतेम फुंकला. टेबलावरच्या मुलीनं काही न बोलता पुढचं नाव पुकारलं.

मॅडमच्या हाती जे आलं ते बघून त्याही चक्रावल्या. नोकरी जितकी जुनी तितका दम चांगला! धूर खाऊन माणसं धडधाकट होत होती. त्यांनी ते आपल्या विभागाच्या प्रमुखांना दाखवलं. प्रमुखांनी चष्मा कपाळावर ढकलून सांगितलं, की कच्च्या दमाची माणसं आपोआप काम सोडून जातात, टिकतात ती पक्क्या दमाचीच. पुस्तकात याला नावसुद्धा आहे. पुस्तकात नाव असलं की शंका मिटते. पेपर छापून आला, मॅडम पुण्याच्या परिषदेत तो वाचून आल्या, त्याच्या प्रती सरकारी टेबलांवर फिरल्या, आणि वरून उत्तर आलं की फायरमनची प्रकृती समाधानकारक असल्यामुळे हवेच्या टाक्यांची तूर्त तातडी दिसत नाही. टाक्या मिळाव्यात म्हणून निघालेली बाई टाक्या बंद करून बसली.

इथंच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण साहेबांना माणसागणिक निकाल हवा होता. नावं गुप्त ठेवायची असं करारात होतं. साहेब म्हणाले, मग पुढच्या टप्प्याला आमची परवानगीही गुप्तच समजा. मॅडमची नोकरी तुमच्याआमच्यासारखीच, करारावरची. त्यांनी कुरकुर केली, आणि शेवटी नावं दिली. देताना वर एक शिफारस जोडली: ज्यांचा दम कमी आहे त्यांना धुरात पाठवू नये, पंपावर किंवा फोनवर ठेवावं, पगार कापू नये. साहेबांनी दहावीचा निकाल लावावा तसा तो भिंतीवर लावला. पितांबर 'अ'. रुपचंद 'अ'. उखर्डू 'क'.

कुणालाच काढलं नाही. 'क' वाल्यांना हलकं काम मिळालं, बस. पितांबरनं स्वतः फुंकली असती तर तो उरलेली नोकरी पंपाजवळ स्टुलावर बसून काढू शकला असता. आता तो 'अ' होता. आगीत पाण्याचा नोझल धरून सगळ्यात पुढे शिरायचं ते त्यानं, आणि सावलीत उभं राहून पंप चालवायचा तो लोहाराच्या भात्याएवढी छाती असलेल्या उखर्डूनं.

पितांबरनं तो निकाल वाचला. आधी तो हसला. मग म्हणाला, "मी जास आनि मॅडमले खरं सांगी टाकस."

आणि उखर्डूनं त्याला अडवलं. "भाऊ, ती इचारी, कोन फुकनं? मंग मी बी गया, रुपचंद बी गया, बठ्ठा गयात. आपलं आपन आपसमा दखी लेऊत."

हे तो मैत्रीपोटी बोलला असं त्याला तेव्हा वाटलं. निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे भीती होती, निव्वळ स्वतःच्या पोटाची भीती, आणि ती त्यानं पितांबरच्या भल्याच्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. पितांबरनं ऐकलं. तो नेहमीच ऐकायचा.

काही महिने आपसात जमलंही. साहेब आगीवर क्वचितच यायचे. बंब थांबला की उखर्डू नोझल घेऊन आत आणि पितांबर पंपावर. एक कडब्याची गंजी झाली, एक किराण्याचं दुकान झालं, एक उसाचा ट्रक झाला. लोकांना काय कळतंय, हेल्मेटखाली कोण आहे!

मग दुसरा टप्पा सुरू झाला. 'अ' वाल्यांच्या छातीवर एक पट्टा बांधायचा. आत धुरात शिरल्यावर काळीज किती जोरानं चालतं ते बाहेर मॅडमच्या टॅबलेटवर दिसायचं. बंबामागून मॅडमची गाडी आगीवर यायला लागली. पहिले काही दिवस आगच लागली नाही. पितांबर पट्टा बांधून ठाण्यात बसायचा आणि दुपारी भाकरी खाताना म्हणायचा, "देव करो नि हाई असंच चालो."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी सरकीच्या गोदामाला आग लागली. कापसातून निघालेली सरकी, तिच्यात तेल. तिचा धूर जड, पिवळट, अंगाला चिकटणारा. गोदामाचा मालक वजनदार होता म्हणून साहेब जातीनं हजर. मॅडम टॅबलेट घेऊन बंबाजवळच उभ्या. जागा बदलायला जागाच उरली नव्हती. पितांबरनं रुमाल भिजवला, तोंडाला बांधला आणि उखर्डूकडे बघून मान हलवली. काळजी करू नको, अशी ती मान होती. मग नोझल खांद्याला लावून तो दारातून आत गेला. त्याच्यामागे रुपचंद पाण्याचा लांब पाइप, होज, सांभाळत उंबऱ्याशी थांबला.

उखर्डू पंपावर होता. मॅडम त्याच्यापासून हाताच्या अंतरावर. त्यांच्या पडद्यावर एक आकडा वर वर चढत होता. त्यांच्या कपाळाला आठी पडली. साहेबांनी विचारलं, "काय म्हणतंय? बाहेर बोलावू का त्याला?"

मॅडम घुटमळल्या. पुन्हा पडद्याकडे बघितलं. "ठोके वाढलेत. पण पितांबरभाऊंचा दम सगळ्यांत चांगला आहे. त्यांना झेपेल. अजून थोडं..."

उखर्डूनं ते ऐकलं. तो दम कुणाचा होता हे त्या मैदानात फक्त त्याला आणि उंबऱ्यावरच्या रुपचंदला माहीत होतं. "मॅडम," तो म्हणाला.

"काय?" त्या वळल्या.

"अरे, प्रेशर बघ, प्रेशर!" साहेब ओरडले, आणि उखर्डूनं प्रेशर बघितलं. काटा जागच्या जागी होता. त्याला बघण्यासारखं काही झालं नव्हतं. तरी तो काट्याकडेच बघत राहिला. कारण मान वर केली असती तर बोलावं लागलं असतं.

रुपचंदच्या हातातला होज ढिला पडला तेव्हा आरडाओरडा झाला. उखर्डू पंप सोडून धावला, जमिनीला गाल लावून सरकत आत गेला आणि पितांबरला बखोटीला धरून बाहेर घेऊन आला. आत जायला, आणायला, बाहेर यायला त्याला काहीसुद्धा जड गेलं नाही. त्याचा दम शाबूत होता. धुळ्याच्या दवाखान्यात नेताना पितांबर वाटेतच गेला.

पुढं सगळं रीतसर झालं. नगरपरिषदेवर झेंडा अर्ध्यावर आला. भाषणं झाली. ठराव झाला, की कर्तव्यावर वीरमरण आलेल्या निष्णात फायरमनच्या मुलीला अग्निशमन कार्यालयात नोकरी द्यावी. साहेब उखर्डूला बाजूला घेऊन म्हणाले, "बरं झालं बाबा, ती तपासणी झालेली होती. नाहीतर ठेकेदारानं काखा वर केल्या असत्या. आधीच आजारी होता म्हणाला असता. मग पोरीच्या हातात धुपाटणं."

दहाव्याला भागाबाई भिंतीला टेकून बसली होती. उखर्डू समोर जाऊन बसला. तिनं डोळ्यांना पदर लावला नाही, आवाजही चढवला नाही. ती खरोखरच विचारत होती. "भाऊ, तेस्ना दम बठ्ठासमा चांगला व्हता म्हने. मॅडम सोता सांगी गयात. मंग हाई कसं व्हयनं?"

उखर्डू तिच्या घरची भाकरी इतकी वर्षं खाल्लेला माणूस. "धूरच तसा व्हता, वहिनी," एवढंच तो बोलला आणि चपला घालून बाहेर पडला.

पावसाळा सरता सरता स्नेहल मॅडम ठाण्यावर आल्या. एकट्याच. डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी उखर्डूला बंबाच्या मागे नेलं आणि पिशवीतून काही छापील रेघा काढल्या. "उखर्डूभाऊ, माणूस फुंकतो त्याची रेघ उमटते. कशी उसळते, कुठे वाकते, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. पितांबरभाऊ गेल्यावर मी या पुन्हा काढून बघितल्या. ही त्यांची. ही रुपचंदभाऊंची. या बाकीच्या दुसऱ्या गावांच्या. सगळ्या एकाच माणसाच्या वाटतात. शेवटी शेवटी तो माणूस थकत गेलाय." त्यांनी आणखी एक कागद वर ठेवला. "आणि ही तुमची."

उखर्डूनं तो कागद हातात घेतला नाही.

"खरं सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी पेपर मागे घेईन. चुकीचा होता असं छापून देईन. टाक्यांचा प्रस्ताव पुन्हा करीन. माझी नोकरी जाईल, जाऊ दे." त्यांनी कागद एकावर एक नीट लावले. "तुम्ही नाही म्हणालात तर माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. रेघा सारख्या दिसतात, एवढ्यावर माझे प्रमुख मला उभंही करणार नाहीत."

खिडकीतून कार्यालय दिसत होतं. भूमिका टेबलाशी बसून फोन घेत होती. नवी होती, पत्ता लिहून घेताना ओठ हलवायची. उखर्डू हो म्हणाला की तिचा बाप वीर उरत नव्हता. दुसऱ्याच्या दमावर पास झालेला लबाड ठरत होता, आणि लबाडाच्या पोरीला कुठला ठराव! नाही म्हणाला तर त्या टाक्या कधीच येणार नव्हत्या. दोन्ही बाजूंनी तोच हरत होता, आणि हे पेरलेलंही त्यानंच होतं.

"नाही मॅडम," उखर्डू म्हणाला. "ज्यानं त्यानं आपली फुंकली."

मॅडम बंबाच्या पायरीवर मटकन बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या रडायला लागल्या. रडता रडता म्हणाल्या, "बरं झालं. मला उगाच काहीबाही वाटत होतं. थँक्यू, उखर्डूभाऊ."

त्यांना 'हो' ऐकायचंच नव्हतं. खरं शोधायला आली होती बाई, आणि खोटं मिळालं तसं तिचं ओझं उतरलं. उखर्डूला तिचा संताप आला. स्वतःचा यायला हवा होता, पण दुसऱ्याचा येणं सोपं असतं. त्या कागद पिशवीत घालून निघून गेल्या. जाताना सांगून गेल्या की पुढचा टप्पा जळगावकडे, फैजपूर-सावद्याच्या बाजूला करायचा आहे, तुमच्यासारखी माणसं तिकडे मिळाली पाहिजेत.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत भूमिकानं खिडकीतून हाक दिली, "काका, हायवेवरनी जिनिंग!" नव्या हंगामाचा कापूस नुकताच यायला लागला होता. सगळे धावले. पितांबर गेल्यापासून पुढचा नोझल रुपचंदकडे होता. ठाण्यात 'अ' आता तोच एक उरला होता. बंब गावातून बाहेर पडला. रुपचंद मागच्या बाकावर उखर्डूच्या शेजारी बसला होता, मांडीवर ओला रुमाल घेऊन. लांबून धूर दिसायला लागला तसा तो रुमाल बांधता बांधता थांबला.

"उखर्डू, मी त कधी फुकीसन देखंच नही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. "तुले ठाऊक व्हई त सांग. मना दम कितला शे?"

उखर्डूला ठाऊक नव्हतं. ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं.